बर्फाळ धावपट्टीवर टेलव्हील विमान उतरवताना

मिनेसोटातली जानेवारीची दुपार. धावपट्टीच्या मधल्या भागावर प्लाऊ फिरवलेला, पण मध्येमध्ये बर्फाचे चट्टे राहिलेले, आणि दोन्ही कडांना ढकललेल्या बर्फाचे गुडघाभर ढीग. वारा डावीकडून, फार नाही. मी सिटाब्रिया हे छोटं टेलव्हील विमान (तिसरं चाक शेपटीखाली) तिन्ही चाकांवर एकदम टेकवलं, अगदी अलगद, आणि तिथंच माझं लक्ष ढिलं पडलं. वाऱ्याच्या बाजूला धरलेली स्टिक, म्हणजे विमान झुकवायचा दांडा, नकळत मध्ये आली. विमान चार-पाच हात उजवीकडे सरकलं, उजवं चाक कडेच्या भुसभुशीत बर्फात शिरलं आणि नाक उजवीकडे ओढलं गेलं. मी डावा रडर (शेपटीवरचं सुकाणू फिरवणारं पायातलं पॅडल) पूर्ण दाबला आणि सोबत डावा ब्रेकही. डाव्या चाकाखाली काचेसारखा बर्फ होता, म्हणून ब्रेकचा काहीच परिणाम झाला नाही. पाय मात्र दाबलेलाच राहिला. क्षणभरानं बर्फ संपून कोरडं डांबर लागलं. ब्रेक दाबलेल्या चाकानं डांबर असं काही धरलं की विमान डावीकडे गरकन फिरलं आणि उजवा पंख बर्फाच्या ढिगावर घासला. तेव्हा वेग किती होता? जोरात मारलेल्या सायकलीएवढा.

कुणाला लागलं नाही. पंखाच्या टोकाचं कापड फाटलं, आतली एक रिब मोडली. त्या दिवसानंतर मी प्रत्येक हिवाळ्यात कुणा ना कुणा नव्या पायलटला हीच गोष्ट सांगत आलो आहे. हिवाळा काय करतो, तर तुमच्या दोन चाकांखाली दोन वेगळ्या जमिनी घालतो. बाकी सगळी तयारी या एका गोष्टीसाठी.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे खासगी पायलटचं लायसन्स आहे, सेस्ना १७२ किंवा पायपर चेरोकीवर हात बसलेला आहे, आणि जे आता कब, चॅम्प, सिटाब्रिया किंवा सेस्ना १४० अशी टेलव्हील विमानं शिकून आपला पहिला हिवाळा काढणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. आधी विमान समजून घ्या

नाकचाकी विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. टेलव्हीलमध्ये तो चाकांच्या मागे असतो. एवढ्याच फरकानं सगळं बदलतं. एक काठी हातात घेऊन ती मागे जमिनीवर ओढत चाला, ती मुकाट सरळ मागून येते. तीच काठी पुढे टेकवून ढकलत चाला, टोक जरा कुठं अडकलं की काठी कडेला जाते. टेलव्हील विमानात चाकं पुढे अडतात आणि वजन मागून ढकलतं. नाक दोन अंश वळलं की मागचं वजन त्याला चार अंशांकडे नेतं, चारवरून आठकडे. त्याला वेळेत आवरलं नाही तर विमान स्वतःभोवती फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. बाहेरच्या बाजूचा पंख खाली झुकतो, जमिनीला लागतो, कधी चाकाचा पायच मोडतो.

उन्हाळ्यात गवतावर हे वळण हळू वाढतं, कारण दोन्ही चाकं थोडी घसरू शकतात आणि दोन्हींना सारखीच पकड असते. हिवाळ्यात पकड सारखी नसते. एक चाक डांबरावर, एक बर्फावर. एक साफ पट्ट्यावर, एक चिखल-बर्फाच्या राडीत. ज्या चाकाला जास्त अडथळा, तिकडे नाक ओढलं जाणार.

त्याहून वाईट असतो तो पकड परत मिळण्याचा क्षण. पावसाळ्यात घाटात स्कूटर चालवलेल्यांना हे लगेच कळेल. वाळूवर गाडी नुसती घसरते, झटका बसतो तो वाळू संपून रस्ता लागतो तिथं. विमान बर्फावर थोडं तिरकं घसरत असेल तोवर काही होत नाही. त्याच तिरक्या अवस्थेत चाक कोरड्या डांबरावर आलं की मात्र विमान एका झटक्यात फिरतं.

२. घरून निघण्याआधी

नोटॅम, म्हणजे पायलटांसाठीच्या अधिकृत सूचना, वाचा, आणि त्यातही धावपट्टीच्या अवस्थेचा म्हणजे फिकॉन नोटॅम नीट वाचा. अमेरिकेत ऑक्टोबर २०१६ पासून पक्क्या धावपट्ट्यांसाठी ० ते ६ असे कोड दिले जातात. ६ म्हणजे कोरडी धावपट्टी. उणे १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंडीत दाबून घट्ट झालेला बर्फ असेल तर ४, तोच बर्फ त्याहून उबदार हवेत ३. एक अष्टमांश इंचाहून जास्त राडी असेल तर २, नुसत्या काचेसारख्या टणक बर्फाचा थर १, आणि तोच टणक बर्फ ओला असेल तर ०. धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला वेगळा आकडा असतो. तिन्ही आकडे कमी असण्यापेक्षा ५-५-२ सारखा आकडा मला जास्त खटकतो, कारण शेवटच्या भागात पायाखालची जमीन बदलणार हे त्यातून कळतं.

छोट्या एअरपोर्टवर हे आकडे देणारा माणूसच बऱ्याचदा नसतो. कोड नाही म्हणजे धावपट्टी साफ आहे, असं अजिबात धरू नका. सरळ फोन करा. प्लाऊ कधी फिरला, पूर्ण रुंदी साफ केली की फक्त मधला पट्टा, कडेचे ढीग किती उंच, आज आधी कुणी उतरलं का, एवढं विचारा. टेलव्हीलचा पंख कधी ढिगाच्या वरून जातो, कधी ढिगात जातो, हे त्या उंचीवर ठरतं.

हवामानात नुसतं तापमान पाहू नका, दिवसभरात ते शून्याच्या वर जाऊन परत खाली येणार आहे का ते पाहा. दिवसभर उणे वीस असलेला कोरडा बर्फ त्या मानानं बरा. दुपारी दोनला वितळून साडेचारला परत गोठणारी धावपट्टी मी टाळतो. डिसेंबरात मिनियापोलिसला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम बावीस अंशांवर असतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. नैर्ऋत्येकडे तोंड करून उतरत असाल तर उरलेली सगळी दुपार ऊन थेट डोळ्यांत असतं, आणि ओल्या बर्फावरून परावर्तित होऊन खालूनही येतं.

३. हँगरमध्ये कपडे, बूट, चाकं

हिवाळ्याचे जाड कपडे अंगात असताना आपण विमान पूर्ण हलवू शकतो का, हे कुणी तपासतच नाही. कबसारख्या विमानात दोघं एकामागे एक बसतात आणि दोघांच्याही गुडघ्यांमध्ये स्टिक असते. पोटावर फुगलेला पार्का असला की स्टिक पूर्ण मागे येण्याआधीच कापडाला टेकते. तुम्हाला वाटतं शेवटपर्यंत ओढली, प्रत्यक्षात दोन बोटं बाकी असतात. जमिनीवर धावताना शेपूट दाबून धरायला नेमकी तीच दोन बोटं हवी असतात. म्हणून सगळे कपडे चढवून, पट्टे आवळून, इंजिन बंद असतानाच स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन पाहा. पुढच्या सीटवर कुणी असेल तर त्यालाही त्याच्या कपड्यांत बसवून पाहा.

बुटांचंही तेच. जे-३ कबमध्ये ब्रेक टाचेनं दाबायचे असतात, छोट्या छोट्या पॅडलवर. जाड तळव्याच्या बर्फातल्या बुटात टाचेला काहीच जाणवत नाही, आणि रुंद बुटामुळे रडर दाबताना सोबत ब्रेकही दाबला जातो. मी आता पातळ तळव्याचे बूट घालतो आणि आत लोकरीचे दोन मोजे. चढण्याआधी तळव्याला चिकटलेला बर्फ झटकून काढा. पॅडलवर तो वितळतो आणि पाय सटकतो.

आता चाकं. उबदार हँगरमध्ये २१ अंशांना ३० पीएसआय हवा भरलेला टायर उणे १८ अंशांत गेला की दाब सुमारे २४ वर येतो. दोन्ही चाकांत सारखा उतरला तर फारसं बिघडत नाही. पण एका व्हॉल्व्हमधून हळूहळू हवा जात असेल तर थंडीत तो फरक उघडा पडतो, आणि विमान एका बाजूला ओढायला लागतं. दाब बाहेरच्या थंडीत मोजा. चाकांवरची फेअरिंग, म्हणजे व्हील पँट, हिवाळ्यापुरती काढून ठेवा. त्यात राडी भरते, हवेत गोठते, आणि चाक अडकलेल्या अवस्थेत टेकतं.

शेपटीचं छोटं चाक हातानं दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. स्प्रिंगा आणि साखळ्या मोकळ्या आहेत ना, ग्रीस गोठून चाक घट्ट झालं नाही ना, सांध्यात बर्फ नाही ना. पाहणीच्या वेळी सगळे जण इंजिनभोवती जमतात, मागे वाकून कुणी बघत नाही.

पंखावरचं दहिवर पूर्ण काढा. अगदी पातळ खरखरीत थरानंही विमान नेहमीपेक्षा जास्त वेगाला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, आणि थ्री-पॉइंट लँडिंगमध्ये (तिन्ही चाकं एकदम टेकवताना) आपण स्टॉलच्या काठावरच खेळत असतो. इंजिन आधी गरम करा. कॉन्टिनेंटल कंपनी उणे ७ अंशांखाली आणि लायकमिंग बहुतेक इंजिनांसाठी उणे १२ अंशांखाली प्रीहीट करायला सांगते.

४. टॅक्सी

टॅक्सी म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेणं, तेव्हा हळू जा. चालत्या माणसाच्या वेगानं. पाण्याची डबकी आणि राडी चुकवून जा, कारण चाकानं उडवलेलं पाणी ब्रेकच्या डिस्कवर बसतं आणि उड्डाणानंतर गोठतं. ब्रेक गोठला आहे की नाही हे हवेत असताना कळायला मार्ग नाही. पॅडल नेहमीसारखं लागतं, आणि टेकल्यावरच चाक फिरत नाही हे समजतं. राडीतून जावंच लागलं असेल तर परत येऊन उतरण्यापेक्षा त्या दिवशी न उडणं बरं.

५. उतरण्याआधी वरून एक फेरी

अनोळखी किंवा ताज्या बर्फाच्या धावपट्टीवर मी थेट उतरत नाही. आधी एकदा तिच्या बाजूनं, खाली पण सुरक्षित उंचीवरून, पूर्ण लांबी पाहत जातो. कुठं काळं डांबर, कुठं राखाडी, कुठं चकाकी. चकाकी म्हणजे बर्फ किंवा पाणी, आणि थंडीत दोन्हींचा अर्थ एकच. आधीच्या विमानांच्या चाकांच्या रेघा दिसतात का? त्या सरळ आहेत की मध्येच वाकल्यात? वाऱ्यानं धावपट्टीवर आडवे बर्फाचे बांध घातलेत का? असा बांध वरून पांढऱ्या रेघेसारखा दिसतो आणि चाकाला मात्र उंबऱ्यासारखा लागतो.

वारा पाहताना एकट्या विंडसॉकवर (वारा दाखवणारी कापडी नळी) जाऊ नका. ओल्या बर्फानं जड झालेला किंवा गोठलेला विंडसॉक खोटं सांगतो. घरांच्या धुराड्यांतून निघणारा धूर पाहा. कोरड्या बर्फाचा भुगा धावपट्टीवरून सरपटताना दिसला तर वाऱ्याची दिशा जमिनीलगत कशी आहे ते त्यातूनच कळतं.

आकाश पांढरं, जमीन पांढरी आणि सावली कुठंच नाही, अशा प्रकाशात उंचीचा अंदाज येत नाही. आपण वीस फुटांवर आहोत की दोन, हे डोळ्यांना कळत नाही. अलास्कातले जुने पायलट अशा वेळी बर्फावर स्प्रूसच्या फांद्या टाकून त्यांच्या बाजूला उतरतात, किंवा तळ्याच्या झाडी असलेल्या काठाला धरून. नव्यानं शिकणाऱ्यानं मात्र कडेला दिवे, झुडपं, काळी माती असं काहीतरी दिसेल अशी दुसरी धावपट्टी शोधावी.

६. फायनलवर

फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत शेवटचं उतरताना, थोडी पॉवर ठेवा. फार वेळ थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) बंद ठेवून घसरत आलात तर इंजिन थंड पडतं, आणि गो-अराउंडसाठी, म्हणजे न उतरता परत वर जाण्यासाठी, थ्रॉटल एकदम उघडलं की ते अडखळतं. कार्ब्युरेटर हीटबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून दिलेल्या गरम हवेबद्दल, तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते आणि तसंच करा.

हवेत असतानाच एक निर्णय पक्का करून ठेवा. विमान सरळ नसेल किंवा कडेला सरकत असेल, तर परत वर जायचं. क्रॉसविंडबद्दल माझा स्वतःचा नियम असा की कोरड्या डांबरावर मी जेवढा आडवा वारा घेतो त्याच्या निम्मा बर्फावर. हवेत असताना पंख वाऱ्याकडे झुकवून विमान मध्यरेषेवर धरता येतं. टेकल्यावर ते काम टायरच्या पकडीनं करायचं असतं, आणि ती पकडच तिथं नसते. विमान सरळ तोंड करूनही आडवं सरकत राहतं.

७. टेकताना

थ्री-पॉइंट की व्हील लँडिंग (आधी फक्त पुढची दोन चाकं टेकवणं), हा वाद आमच्या हँगरमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. माझं मत सांगतो. मऊ किंवा खोल बर्फावर थ्री-पॉइंटच. व्हील लँडिंगमध्ये शेपूट वर आणि वेग जास्त असतो. अशा वेळी बर्फानं पुढची चाकं धरली की विमान नाकावर जातं आणि प्रोपेलर जमिनीत. थ्री-पॉइंटमध्ये वेग सगळ्यात कमी आणि शेपटीचं चाक पहिल्या क्षणापासून जमिनीवर. झोताच्या वाऱ्यात व्हील लँडिंग चांगलं, हे मला मान्य आहे, पण झोताचा वारा आणि बर्फ दोन्ही असतील तर मी तिथं उतरतच नाही.

टेकण्याच्या क्षणी नाक, शेपूट आणि विमानाची धाव तिन्ही एका रेघेत हवीत. टाचा कॉकपिटच्या तळावर, ब्रेकपासून दूर.

८. टेकल्यानंतरची वीस सेकंदं

माझा अपघात इथं झाला, म्हणून इथं जास्त लिहितो.

टेकल्यावर स्टिक पूर्ण मागे, पोटाला लागेपर्यंत, आणि तिथंच. वाऱ्याच्या बाजूचं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान झुकवणारा हलता भाग) टेकताना जेवढं होतं तेवढं ठेवा आणि वेग कमी होईल तसं वाढवत पूर्ण टोकाला न्या. माझा हात नेमका उलटं करून बसला होता. वेग कमी झाला की एलरॉनचा जोर कमी होतो, म्हणून ते जास्त लागतं.

नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला. चाकाजवळ पाहिलंत तर नाक वळल्याचं उशिरा कळतं. पाय सतत हलते ठेवा, छोटे छोटे दाब, लगेच सोडायचे. मोठा दाब देऊन वाट पाहत बसलात तर तोच पुढच्या वळणाचं कारण होतो.

वेग कमी होत गेला की रडरवरची हवा कमी होते, आणि बर्फावर शेपटीच्या चाकालाही पकड नसते. म्हणजे मधला एक टप्पा असा येतो की कशानंच नीट वळत नाही. हात नेमका तेव्हा सैल पडतो, आणि पाय ब्रेककडे जातो. बर्फ असलेल्या धावपट्टीवर ब्रेकला पाय लावू नका. लांब धावपट्टी निवडा आणि विमान आपोआप मंदावू द्या. न्यू हॅम्पशायरमध्ये ऑल्टन बे इथं गोठलेल्या विनिपसॉकी तळ्यावर दर चांगल्या हिवाळ्यात धावपट्टी आखतात. तिथं चाकांवर उतरणाऱ्याला हा धडा एका फेरीत मिळतो.

नाक वळायला लागलं तर उलटा रडर, पूर्ण, ताबडतोब. पुढे जागा असेल तर थ्रॉटलचा एक छोटा झटका द्या. प्रोपेलरची हवा रडरवर येते आणि त्याला जीव येतो. पण हे इन्स्ट्रक्टरसोबत, बर्फ नसताना आणि मोकळ्या धावपट्टीवर आधी शिकून घ्या. वळण हाताबाहेर गेलंच तर थ्रॉटल बंद, स्टिक मागे. ढिगात हळू शिरलेलं विमान दुरुस्त होतं.

टॅक्सीवेवर वळण्याआधी जवळजवळ थांबा. पार्क केल्यावर ओल्या ब्रेकवर पार्किंग ब्रेक लावू नका, तो गोठतो. चाकांना ठोकळे लावा आणि दोर बांधा.

९. स्कीवर, तळ्यावर

यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. एवढंच सांगतो की चाकांऐवजी लावलेल्या स्कीला ब्रेक नसतो, आणि गोठलेल्या तळ्यावर बर्फाच्या भुसभुशीत थराखाली, खालच्या टणक बर्फाच्या वर, पाणी साचलेलं असू शकतं. त्याला अलास्कात ओव्हरफ्लो म्हणतात. अनुभवी पायलट आधी वजन पंखांवरच ठेवून स्की बर्फावर ओढत नेतात, परत वर जातात, आणि आपल्याच रेघा पाहतात. रेघा गडद झाल्या तर खाली पाणी आहे. हे स्की शिकवणाऱ्याशिवाय करू नका.

१०. कुठं आणि कसं शिकायचं

अमेरिकेत टेलव्हीलसाठी वेगळी परीक्षा नाही, पण इन्स्ट्रक्टरची लॉगबुकात सही लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी टेलव्हीलवर पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून तास नोंदवलेल्यांना यातून सूट आहे. शिकवणीत साधी आणि क्रॉसविंड लँडिंग, व्हील लँडिंग आणि गो-अराउंड यायलाच हवं. प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि पूर्ण थांबून तीन लँडिंग टेलव्हीलवरच झालेली लागतात. कायद्याला एवढं पुरतं. ऑक्टोबरात सही मिळालेल्यानं जानेवारीत एकट्यानं जाऊ नये, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. इन्स्ट्रक्टरला बर्फात पुन्हा एक तास मागा.

आपल्याकडे एके काळी फ्लाइंग क्लबांत हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या पुष्पक विमानावर मुलं शिकायची. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, ९० अश्वशक्तीचं, आणि टेलव्हील. पुष्पकावर शिकलेले कुणी काका तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना आवर्जून फोन करा. बर्फ त्यांनी पाहिला नसेल, पण पावसाळी गवतावर पाय कसे हलते ठेवायचे हे ते कुठल्याही इन्स्ट्रक्टरपेक्षा चांगलं सांगतील.

११. उतरल्यावर रेघा पाहा

त्या अपघातानंतर लागलेली सवय. विमान बांधून झालं, रेडिओवर कुणी येत नाही याची खात्री झाली, की मी टॅक्सीवेच्या टोकापर्यंत चालत जातो आणि ताज्या बर्फावर उमटलेल्या माझ्याच तीन रेघा पाहतो. दोन रुंद, मध्ये एक अरुंद. टायरची नक्षी स्पष्ट उमटली असेल तर चाक सरळ फिरत गेलं. रेघ एका बाजूला पुसल्यासारखी असेल तर तिथं मी सरकत होतो, मला आत कळलं असो वा नसो. मधली रेघ दोन्हींच्या बरोबर मध्ये आहे, की एकीकडे झुकली आहे? झुकली तिथून पुढे किती पावलांवर मी ती सरळ केली, ते मोजतो. मागच्या रविवारी अकरा पावलं भरली.